गच्चीवर वाळवंटी गवताचा प्रयोग: पाऊस आणि नायट्रोजन नीट कसा द्यायचा

दरवर्षी बॉटनी नाहीतर पर्यावरणशास्त्राची मुलं "पाऊस आणि मातीतला नायट्रोजन यांचा कोरड्या माळावरच्या गवतावर काय परिणाम होतो" असा प्रोजेक्ट घेतात, विषय एकदम भारी आहे, पण प्रयोग सुरुवातीलाच फसलेला असतो. नर्सरीतली शेणखत घातलेली माती, मगाने मोजलेलं पाणी, चिमटीने टाकलेला युरिया, आणि वर जुलैमध्ये सुरुवात. मग सगळ्या कुंड्या सारख्याच हिरव्या दिसतात आणि रिपोर्टमध्ये "नायट्रोजनचा परिणाम दिसला नाही" असं लिहिलं जातं. परिणाम असतो हो, तो दिसायला जागाच ठेवलेली नसते.

म्हणून हा सगळा क्रम लिहितोय, मुंबईतल्या गच्चीसाठी. यातलं ८० टक्के काम पहिलं रोप लावायच्या आधीचं आहे.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

वाळवंटी गवताळ भागात गवताला पहिली अडचण पाण्याची असते आणि नायट्रोजनची अडचण पाणी मिळाल्यावर सुरू होते. मातीतला नायट्रेट (मुळं घेऊ शकतात असं नायट्रोजनचं रूप) पाण्याबरोबरच मुळापर्यंत येतो, माती कोरडी असेल तर तो तिथेच पडून राहतो, मग वरून कितीही टाका. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात सेव्हिएटा म्हणून राखीव क्षेत्र आहे, तिथे १९९५ पासून काही प्लॉटना दरवर्षी चौरस मीटरला १० ग्रॅम नायट्रोजन दिला गेलाय. बऱ्याच वर्षांत खत दिलेल्या आणि न दिलेल्या प्लॉटच्या वरच्या वाढीत फारसा फरक नव्हता, पण २००६ ला तिथला उन्हाळी मॉन्सून सरासरीच्या दुप्पट झाला आणि फरक उठून दिसला.

दुसरी गोष्ट, एकूण पाऊस किती हे जेवढं महत्त्वाचं तेवढंच तो कसा पडला हेही. तिथेच दुसऱ्या एका प्रयोगात काही प्लॉटना दर आठवड्याला ५ मिमी आणि काहींना महिन्यातून एकदाच २० मिमी जादा पाणी दिलं जातं, म्हणजे बेरीज जवळपास तीच, फक्त तुकडे वेगळे. कोरड्या रेताड मातीत ढोबळमानाने १ मिमी पाणी १ सेंमी खोल ओल करतं. ५ मिमी पाणी वरच्या ५ सेंमीतच अडकतं, ते मातीतले जीवाणू वापरतात आणि उरलेलं ऊन घेऊन जातं. २० मिमी मात्र २० सेंमीपर्यंत उतरतं, गवताची मुळं तिथे असतात आणि तिथली ओल जास्त दिवस टिकते.

तर आपला प्रयोग असा: पाण्याच्या दोन पद्धती (थोडं-थोडं वारंवार, आणि एकदम जास्त पण क्वचित, एकूण मात्र सारखंच) आणि नायट्रोजनच्या दोन पातळ्या (शून्य आणि जादा). चार गट झाले. यापेक्षा जास्त गट करू नका, त्यापेक्षा प्रत्येक गटात कुंड्या वाढवा.

१. वेळ ठरवा

मुंबईत हा प्रयोग पावसाळ्यात होत नाही. जैसलमेरला वर्षभरात २०० मिमीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो, आणि सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता. वर ताडपत्री बांधली तरी हवेतला दमटपणा कुठे जाणार? माती सुकतच नाही, आणि सुकणं हाच तर या प्रयोगाचा अर्धा भाग आहे.

साधारण असं बसवा: डिसेंबरमध्ये सामान आणि माती, जानेवारीच्या मध्यात माती भरून मुरवणं, जानेवारी अखेर पेरणी, मार्चच्या सुरुवातीला पाणी-नायट्रोजन सुरू, तिथून १२ आठवडे, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात कापणी. मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे आणि वळीव त्याच्या आधीच येऊन जाऊ शकतो, म्हणून वर पारदर्शक पत्र्याचं साधं छप्पर हवंच, सहा-सात फुटांवर, बाजू उघड्या. छप्पर सगळ्या गटांवर सारखं आणि पहिल्या दिवसापासून, कारण त्याने ऊनही थोडं कमी होतं.

कॉलेजचं सेमिस्टर जूनला सुरू होतं म्हणून तेव्हाच सुरुवात करायची घाई असते. गाईड सरांशी किंवा मॅडमशी आधीच बोला आणि पावसाळ्यात फक्त बी मिळवणं, मातीची तपासणी आणि वाचन करा.

२. जागा आणि वजन

इथे लोक हसतात पण हा मुद्दा गंभीर आहे. ३०-३२ पाइप, प्रत्येकात ११ किलोच्या आसपास माती, वर पाणी, म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर वजन गच्चीवर जातं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घ्या, इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारा, आणि सगळं स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या आणि बीमच्या कडेने पसरा. खाली लाकडी फळ्या किंवा विटा, म्हणजे वॉटरप्रूफिंगही वाचतं आणि तापलेल्या स्लॅबची आच थेट मुळांना लागत नाही.

मग एक दिवस नुसतं बसून सावली बघा. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी कुठे, दुपारी कुठे, खाडीकडचा वारा कुठून येतो, डिश अँटेना कुठे आडवी येते. त्यानुसार जागेचे सहा पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात चारही गटांचा एकेक पाइप, आणि पट्ट्याच्या आत कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

> तपासा: एका गटाचे सगळे पाइप एकाच कोपऱ्यात आलेत का? आले असतील तर तुम्ही नायट्रोजन नाही, कोपरा मोजताय.

३. कुंडी नको, पाइप घ्या

साधी कुंडी उथळ असते, त्यात ५ मिमी आणि २० मिमीचा फरकच राहत नाही कारण पाणी खोल जायला खोली नाही. ६ इंची पीव्हीसी पाइपचे ४५ सेंमीचे तुकडे प्लंबिंगच्या दुकानात कापून मिळतात. खाली टोपी बसवून तिला चार-पाच भोकं पाडा, आत मच्छरदाणीची जाळी ठेवा म्हणजे रेती गळत नाही. बाहेरून पांढरा रंग लावा किंवा थर्मोकोल गुंडाळा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात मुळं अक्षरशः शिजतात. काळ्या पिशव्या तर अजिबात नकोत.

आतला व्यास पट्टीने मोजा. साधारण १५ सेंमी भरतो, मी पुढचे सगळे आकडे त्यावरच दिलेत, तुमचा वेगळा आला तर आकडे बदला.

एकूण पाइप: ४ गट × ६ = २४. शिवाय ३ पाइप फक्त मातीचे, रोप नसलेले, नुसतं बाष्पीभवन किती ते कळायला. आणि ५ पाइप असे, की त्यांतलं गवत पाणी-नायट्रोजन सुरू करतानाच कापायचं, म्हणजे पहिल्या दिवशी गवत किती होतं ते माहीत राहतं. हे पाच पाइप बहुतेक जण वाचवायला बघतात आणि नंतर वाढ किती झाली हे सांगताच येत नाही.

४. माती: इथेच बहुतेक प्रयोग बुडतात

वाळवंटी गवताळ माती रेताड असते, सेंद्रिय पदार्थ फार कमी, बऱ्याच ठिकाणी सामू (पीएच) ८ च्या वर. नर्सरीच्या तयार मिश्रणात शेणखत, गांडूळखत, कोकोपीट सगळं असतं, त्यात आधीच इतका नायट्रोजन असतो की तुमचा युरिया म्हणजे भरल्या पोटी आणखी एक लाडू.

मिश्रण असं: मापाने तीन भाग धुतलेली रेती, एक भाग साधी लाल माती, खत न मिसळलेली. लाल माती घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा "यात काही घातलंय का", आणि वास घेऊन बघा. रेती खाडीची असेल तर तिच्यात मीठ असतं. बादलीत पाणी भरून ढवळायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) तुमच्या नळाच्या पाण्याएवढा येईपर्यंत. टीडीएस मीटर पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे मिळतो.

कोकोपीट का नको? एक तर ते पाणी धरून ठेवतं, दुसरं म्हणजे त्यात कार्बन खूप आणि नायट्रोजन कमी, त्यामुळे जीवाणू तुम्ही दिलेला नायट्रोजन स्वतःच खाऊन बसतात.

आता उलट बाजू. नुसती धुतलेली रेती म्हणजे मेलेली माती, युरिया फोडून अमोनियम आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणूच नाहीत. म्हणून मिश्रणात एखाद्या माळावरची, खत न पडलेली माती थोडी मिसळा, १० लिटरला एक वाटी पुरते. सोलापूर, पुणे, नगरकडे कुणाचं गाव असेल तर शेताच्या बांधाची नाही, चराऊ माळाची आणायला सांगा.

मग स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. रेतीत स्फुरदही नसतो आणि तो नसेल तर नायट्रोजन देऊनही गवत उचलत नाही. सगळ्या पाइपना सारखं सिंगल सुपर फॉस्फेट द्या, पाइपला ०.७ ग्रॅम पुरे. डीएपी खत नको, त्यात १८ टक्के नायट्रोजन आहे. १९-१९-१९ हे मिश्रखत तर नकोच नको, त्यातही नायट्रोजन असतो. दुकानदार "तेच आहे हो, चालतं" म्हणेल, चालत नाही.

सगळं मिश्रण एका ताडपत्रीवर एकत्र कालवा, प्रत्येक पाइपचं वेगळं नाही. वजन करून सारखं भरा, भरताना पाइप जमिनीवर हलकेच आपटा म्हणजे आत पोकळ्या राहत नाहीत, वर ३ सेंमी रिकामं सोडा. आणि एक किलो नमुना माती परीक्षणाला द्या. उपलब्ध नायट्रोजन हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये "कमी" लिहून येतं, तुमचं मिश्रण त्याच्याही बरंच खाली यायला हवं.

५. दोन आठवडे मुरवा

पूर्ण कोरडी माती पहिल्यांदा भिजते तेव्हा जीवाणू एकदम जागे होतात आणि साठलेल्या सेंद्रिय पदार्थातून नायट्रोजनचा लोंढा सुटतो. वाळवंटात पहिल्या पावसानंतर नेमकं हेच होतं. पण तुम्ही माती भरली आणि लगेच पेरलं तर हा लोंढा तुमच्या मोजमापात शिरतो. म्हणून पाइप भरून एकदा पूर्ण भिजवा, खालून निथळू द्या, दोन आठवडे हलकी ओल ठेवा, मग पेरा. उगवलेलं तण त्याच काळात उपटून टाका.

निथळल्यानंतर दुसऱ्या दिवशीचं वजन प्रत्येक पाइपवर लिहून ठेवा, हे "भरलेलं वजन" पुढे लागतं. भाजीवाल्यांकडे असतो तसा ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

६. बी आणि रोपं

अंजन गवत घ्या. कोरड्या भागातलं आहे, आपल्याकडचंच आहे, बी मिळतं. जोधपूरची काझरी (कोरडवाहू प्रदेशाची संशोधन संस्था) किंवा झाशीची गवत आणि चारा संशोधन संस्था इथे पावसाळ्यातच पत्र पाठवून ठेवा. सेवण हे थारचं खरं वाळवंटी गवत, पण मुंबईच्या दमट हवेत पहिल्यांदाच करताना त्याच्या मागे लागू नका.

अंजनचं ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने ठेवलेलं लागतं. बी केसाळ आणि हलकं असतं, खोल गेलं की संपलं, वरून जेमतेम अर्धा-एक सेंमी माती. पेरताना पाइपमागे ८-१० बिया टाका, तीन पानं आली की विरळणी करून दोन रोपं ठेवा, सगळीकडे सारख्या उंचीची. तोपर्यंत सगळ्यांना सारखं पाणी.

शेंगावर्गीय (कडधान्याच्या कुळातलं) झाड प्रयोगात घेऊ नका. मुळांवरच्या गाठींतून ते स्वतःचा नायट्रोजन स्वतः मिळवतं, मग तुमचा शून्य गट शून्य राहत नाही.

७. पाणी: मग नाही, मिलिमीटर

१ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. १५ सेंमी व्यासाच्या पाइपचं तोंड ०.०१७७ चौरस मीटर. म्हणजे १ मिमी = १७.७ मिली, ५ मिमी = ८८ मिली, २० मिमी = त्याच्या चौपट, ३५२ मिली.

वेळापत्रक:
– वारंवार गट: दर सोमवारी आणि गुरुवारी ८८ मिली.
– क्वचित गट: एक आड एक सोमवारी ३५२ मिली.

दोन आठवड्यांत दोघांनाही २० मिमी, १२ आठवड्यांत १२० मिमी. ही बेरीज वहीत पहिल्याच पानावर लिहा.

मोजपात्राने मोजा आणि हळूहळू, तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून टाका, एकदम ओतलं तर पाणी पाइपच्या कडेने सरळ खाली जातं आणि मधली माती कोरडी राहते. वेळ संध्याकाळी, रोज तीच. पाणी एकाच ठिकाणचं, नळाचं चालेल, पण मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातली नायट्रेट तपासायची पट्टी आणून एकदा बघून घ्या. क्रॉफर्ड मार्केटात मिळते. एसीच्या नळीचं पाणी वापरू नका, कॉइलवरची धूळ आणि धातू त्यात उतरतात.

> सावधान: पाइपखाली बशी ठेवा आणि २० मिमी दिल्यावर काही निथळतं का बघा. निथळलं तर नायट्रेटही वाहून गेला, किती मिली ते लिहा. बशी लगेच रिकामी करून पुसा, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि पालिकेची नोटीस सोसायटीला येते.

गवत कोमेजलेलं दिसलं की कुणीतरी मायेने पाणी घालतं. घरच्यांना, वॉचमन काकांना आणि गच्चीवर पापड वाळवायला येणाऱ्या काकूंना आधीच सांगून ठेवा, पाटी लावा. अंजनचं पान गुंडाळलं जाणं, खालची पानं पिवळी पडणं हे त्याचं जगण्याचं तंत्र आहे, तेच तर आपल्याला बघायचंय.

दर सोमवारी पाणी द्यायच्या आधी सगळे पाइप वजन करा. रोप नसलेल्या पाइपचं घटलेलं वजन म्हणजे बाष्पीभवन, रोप असलेल्याचं त्याहून जेवढं जास्त घटलं तेवढं ढोबळमानाने गवताने वापरलेलं पाणी.

८. नायट्रोजन

प्रमाण चौरस मीटरला १० ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे आपल्या पाइपला ०.१७७ ग्रॅम. बाजारातला शेतीचा युरिया घेऊ नका, आपल्याकडे तो कडुनिंबाचं तेल लावलेला येतो, त्याने नायट्रेट होण्याचा वेग मुद्दाम कमी केलेला असतो. शेतकऱ्याला ते चांगलं, आपल्या प्रयोगात तो तिसराच घटक होतो. प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचा शुद्ध युरिया मिळतो, त्यात ४६.६ टक्के नायट्रोजन, म्हणजे पाइपला एकूण ०.३८ ग्रॅम युरिया. परदेशी पेपरांत अमोनियम नायट्रेट दिसेल, त्याच्यामागे लागू नका, ते इथे स्फोटकांच्या नियमांत येतं.

०.३८ ग्रॅम चिमटीत मोजता येत नाही, म्हणून ३.८ ग्रॅम युरिया १ लिटर पाण्यात विरघळवा. हे ५० मिली पहिल्या सोमवारी आणि ५० मिली सातव्या आठवड्याच्या सोमवारी. दोन्ही सोमवारी दोन्ही पाणी-गटांची पाळी येते, तारीख मुद्दाम तशी धरली आहे. द्रावण प्रत्येक वेळी ताजं करा.

शून्य गटाला त्याच वेळी ५० मिली साधं पाणी. आणि हे ५० मिली त्या दिवसाच्या पावसातूनच वजा करा: वारंवार गटाला वरून ३८ मिली, क्वचित गटाला ३०२ मिली. एखाद्या गटात ही वजाबाकी विसरली की त्याला पाणीही जास्त गेलं आणि दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळले.

द्रावणानंतर उरलेलं पाणी लगेच द्या. युरिया वरच राहिला आणि माती अल्कधर्मी असेल तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, उन्हात तर फारच पटकन.

> तपासा: आज किती पाइपना द्रावण दिलं? १२. बाटलीतून ६०० मिली गेलं का? नसेल तर कुठलातरी पाइप सुटला किंवा कुणाला दुप्पट मिळालं.

९. मोजमाप

दर दोन आठवड्यांनी फुटवे मोजा आणि हिरव्या पानांची संख्या लिहा. उंचीवर जास्त भरवसा नको, सावलीतलं गवत उंच आणि बारीक होतं. ठरलेल्या अंतरावरून वरून एक फोटो काढा.

मातीतला नायट्रेट आणि अमोनियम बघायचं असेल तर नमुना कधी घेता ते फार महत्त्वाचं आहे, पाण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आकडे वेगळे येतात. एकच नियम ठरवा आणि बदलू नका. नमुना वाळवायचा नाही, थेट बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी लॅबमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. दुपारच्या लोकलने पिशवीत घालून नेलेली कोमट माती वाटेतच बदलते.

शेवटी कापणी. जमिनीलगत कापा, जिवंत आणि वाळलेलं वेगळं करा, कागदी पिशवीत घाला, पेन्सिलने नंबर लिहा. कॉलेजच्या ओव्हनमध्ये ६५-७० अंशांवर ४८ तास, मग वजन, मग पुन्हा चार तास आणि पुन्हा वजन, दोन्ही सारखं येईपर्यंत. घरचा मायक्रोवेव्ह चालत नाही. आणि मुंबईत मेच्या हवेत ओव्हनमधून काढलेलं गवत टेबलावर ठेवलं तर काट्यावर आकडा डोळ्यांदेखत वर चढताना दिसतो. सिलिका जेलच्या बंद डब्यात गार करा आणि एकेक पिशवी काढून पटकन वजन करा.

मुळं सोडू नका. पाइप उभा चिरून माती चाळणीवर हळू पाण्याने धुवा, चाळण १ मिमीची किंवा त्याहून बारीक. जमल्यास वरच्या १० सेंमीची मुळं आणि खालची वेगळी ठेवा. नायट्रोजन भरपूर असला की गवत मुळांवरचा खर्च कमी करून वर पानं काढतं, आणि क्वचित गटात मुळं खोल गेलीत का हेही इथेच कळतं.

१०. आकडे वाचताना

नमुना म्हणजे पाइप. एका पाइपमधले ३० फुटवे म्हणजे ३० नमुने नाहीत, तो एकच. गटाला ६ आकडे, बस. द्विमार्गी अनोवा (दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावा, आणि त्यात पाणी आणि नायट्रोजन यांचा एकत्रित परिणाम ही ओळ सगळ्यात आधी बघा, प्रश्न तोच होता.

वाढ सारखी पण पानातला नायट्रोजन जास्त आला, तर गवताने तो घेतला, वापरायला पाणी पुरलं नाही. पानातही नाही आणि वाढही नाही, तर तो मुळापर्यंत पोचलाच नाही, उडाला, निथळला किंवा वरच्या कोरड्या थरात बसून राहिला, मातीचे आकडे आणि बशीची नोंद काढून बघा. शून्य गटच जोमात वाढला असेल तर चौथ्या टप्प्यावर परत जा, माती आधीच भरलेली होती.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहा. मुंबईची हवा दमट आहे त्यामुळे इथे ५ मिमी पाणी वाळवंटापेक्षा जास्त वेळ टिकतं, म्हणून दोन पाणी-गटांतला फरक खऱ्या माळापेक्षा कमी दिसू शकतो, रोजचं तापमान आणि आर्द्रता सोबत जोडा. आणि हा १२ आठवड्यांचा, एकाच गवताचा प्रयोग आहे, खऱ्या माळावर वर्षानुवर्षं नायट्रोजन पडत राहिला की कुठलं गवत टिकतं, कुठलं मागे पडतं, हे यातून सांगता येत नाही, तसा निष्कर्ष काढू नका.

पाइपमधली माती फेकू नका, पुढच्या बॅचला शून्य गटाची वेगळी आणि नायट्रोजन गटाची वेगळी अशी पोती बांधून, लेबल लावून द्या.